मनगटाचा एक्स-रे आणि भाच्याची जन्मतारीख

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

मराठवाड्यातील एका गावात छोटे दुकान चालवणाऱ्या गृहस्थांचे हे पत्र आहे. त्यांची बहीण आणि मेहुणे दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. त्यांचा मुलगा पहिलीपासून मामाकडेच राहून शिकतो. त्याचा जन्म एका साखर कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीत, झाला. त्या जन्माची नोंद कोठेही झाली नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून २०१० ही तारीख लिहिली आणि तीच पुढे आधार कार्डावरही आली. मुलगा उत्तम वेगवान गोलंदाज आहे. या वर्षी सोळा वर्षांखालील संघाच्या निवडीसाठी त्याच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढण्यात आला, हाडांचे वय १६.५ आले आणि तो अपात्र ठरला. ‘मामाने पोराचे वय चोरले’ अशी चर्चा गावात सुरू झाली. मुलाने मैदानावर जाणे बंद केले आहे आणि त्याने मामाला विचारले आहे, ‘मामा, मग मी नक्की किती वर्षांचा आहे?’

त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत. जिल्हा रुग्णालयात पुन्हा एक्स-रे काढून त्यावरून खरी जन्मतारीख ठरवून घ्यावी, असे त्यांना वाटते. प्रशिक्षक सुचवतात की २०११ सालचा जन्मदाखला ‘करून घ्यावा’. मेहुण्यांचे म्हणणे असे की खेळाचा नाद सोडावा आणि मुलाने अभ्यासाला लागावे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन पर्याय आहेत, तरी तुमच्या मनाला लागलेला आहे तो भाच्याचा प्रश्न. आपण किती वर्षांचे आहोत हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याला विचारावे लागते, आणि ज्याला विचारले त्यालाही खात्रीने सांगता येत नाही, ही अवघड स्थिती आहे. तुम्ही त्याचे उत्तर एक्स-रेकडे मागत आहात. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि हाताचे असे एक्स-रे कामाचा भाग म्हणून वर्षानुवर्षे पाहत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते की जन्म केव्हा झाला, हे एक्स-रेला ठाऊक नसते.

त्याला काय ठाऊक असते, ते आधी पाहू. लहान मुलाच्या हाताची सगळी हाडे सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसत नाहीत, कारण त्यांचा बराच भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, असतो. मनगटातील आठ छोट्या हाडांपैकी पहिली दोन जन्मानंतर काही महिन्यांत दिसू लागतात आणि शेवटचे, वाटाण्याएवढे हाड आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान केव्हातरी उमटते. हाताच्या आणि बोटांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीची पट्टी असते. एक्स-रेमध्ये ती काळ्या फटीसारखी दिसते. वयात येताना संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) प्रभावाने ती पातळ होत जाते, टोक हाडाला सांधले जाते आणि त्या हाडाची लांबी वाढणे थांबते. हाडांचे वय काढणे म्हणजे हा प्रवास कोणत्या टप्प्यावर आला आहे ते वाचणे. त्या टप्प्याला सरासरी मूल कोणत्या वयात पोहोचते, तो आकडा अहवालात लिहिला जातो. तुमच्या हाती आलेला १६.५ हा आकडा तुमच्या भाच्याबद्दल फार थोडे आणि त्या सरासरी मुलाबद्दल बरेच काही सांगतो.

त्या आकड्याचा आणखी एक अर्थ तुम्हाला कोणी सांगितलेला दिसत नाही. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ सोळा वर्षांखालील मुलांसाठी टॅनर आणि व्हाइटहाउस या इंग्लंडमधील संशोधकांच्या पद्धतीची तिसरी आवृत्ती वापरते. या पद्धतीत मनगटाजवळची दोन लांब हाडे आणि हाताची ठरावीक छोटी हाडे अशा एकूण तेरा हाडांना प्रत्येकी टप्प्यानुसार गुण देतात आणि त्या गुणांच्या बेरजेवरून वय काढतात. सगळी हाडे शेवटच्या टप्प्याला पोहोचली की गुण १००० होतात, आणि मुलांच्या बाबतीत १००० गुणांचे वय १६.५ धरले जाते. मोजपट्टी तिथेच संपते. हाताची वाढ पूर्ण झालेला सोळा वर्षांचा मुलगा, वीस वर्षांचा तरुण आणि चाळिशीतला गृहस्थ, तिघांच्याही हाताचे वय या पद्धतीत १६.५ येईल. मुलींसाठी हीच मर्यादा १५ आहे. म्हणून तुमच्या अहवालाचे साधे मराठी भाषांतर ‘या मुलाच्या हाताची वाढ पूर्ण झाली आहे’ एवढेच होते. दशांश चिन्हापुढचा आकडा पाहून वय महिन्यांच्या हिशेबात मोजले गेले असे वाटते, आणि गावातील चर्चेला त्या आकड्यानेच बळ दिले असावे.

निरोगी मुलांमध्येही हाडांची वाढ एकसारखी होत नाही. पौगंडावस्थेत एकाच दिवशी जन्मलेल्या मुलांच्या हाडांच्या वयात साधारण दोन वर्षे पुढे आणि दोन वर्षे मागे इतका फरक आढळतो आणि त्याला कोणी आजार म्हणत नाही. अपुरे पोषण, थायरॉइडची कमतरता किंवा दीर्घ आजार असेल तर हाडे मागे राहतात. लवकर वयात येणे, लठ्ठपणा किंवा काही संप्रेरकांचे विकार असतील तर ती पुढे जातात. आईवडिलांकडून आलेला वाढीचा वेगही असतोच. शिवाय ज्या मुलांवरून या मोजपट्ट्या बनल्या ती मुले आपली नव्हेत. ग्रॉयलिख आणि पाइल यांचा प्रसिद्ध चित्रसंग्रह अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराच्या सुखवस्तू गोऱ्या कुटुंबांतील मुलांच्या एक्स-रेंवर आधारलेला आहे आणि ते एक्स-रे मुख्यतः १९३० च्या दशकातील आहेत. भारतातील दवाखान्यांत तो आजही वापरला जातो. मीही वापरते, कारण वाढीचा विकार ओळखायला आणि उपचाराची दिशा ठरवायला तो उपयोगी आहे. त्यासाठी मुलाची जन्मतारीख आधी माहीत असावी लागते आणि हाडांचे वय तिच्याशी ताडून पाहायचे असते. ज्याची तारीखच हरवली आहे, त्याच्या बाबतीत आपण हा हिशेब उलटा करू पाहतो आणि तिथेच फसतो. जेम्स टॅनर यांच्या नावाने वयात येण्याचे जे शारीरिक टप्पे ओळखले जातात, त्यांवरून मुलांचे खरे वय ठरवणे हा गैरवापर आहे, असे खुद्द टॅनर यांनी १९९८ मध्ये एका सहकाऱ्यासह वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते. ते विधान हाडांबद्दलचे नव्हते, हे मान्य. पण पक्वतेवरून वय सांगण्याची चूक दोन्हीकडे एकाच जातीची आहे.

मग क्रिकेट मंडळाने हा नियम का ठेवला, असे तुम्ही विचाराल. वयोगटाच्या स्पर्धांत जास्त वयाची मुले खोट्या दाखल्यांवर खेळत आली आहेत आणि त्यांच्या वेगापुढे खऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची जागा गेली आहे. कागदावर विश्वास ठेवता येईना, म्हणून शरीराकडे पाहण्याची रीत आली. ती ढोबळ आहे आणि लवकर वाढलेल्या प्रामाणिक मुलांवर तिच्यामुळे अन्याय होतो, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीही निवड समितीने तुमच्या भाच्याला लबाड म्हटलेले नाही. तिने त्याला एका गटासाठी अपात्र ठरवले आहे. या दोन शब्दांमधले अंतर गावाने पुसून टाकले. तुम्हीही ते थोडे पुसले आहे का, हे स्वतःला विचारून पाहा, कारण तुमच्या पत्रात ‘आमच्यावरचा डाग’ हा शब्द तीन वेळा आला आहे.

तुमच्या पहिल्या पर्यायाकडे येते. जिल्हा रुग्णालयातील एक्स-रेमध्येही सांधलेली हाडे सांधलेलीच दिसणार. तिथे कोपर, कमरेचे हाड आणि गळ्यालगतचे हाडही पाहतील आणि ‘सोळा ते अठरा’ असा काही पल्ला लिहून देतील. त्यातून तारीख निघत नाही. न्यायालयेही या तपासणीकडे असेच पाहतात. जयामाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच म्हटले होते की क्ष-किरण तपासणीवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक असू शकते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये वय ठरवण्याचा क्रम दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातले काहीच नसेल तरच हाडांची किंवा अन्य वैद्यकीय तपासणी. हा कायदा क्रिकेटच्या निवडीला लागू नाही. पण कोणत्या पुराव्याला किती वजन द्यावे, याबाबत कायद्याने केलेला विचार तुम्हीही घरी करावा असा आहे. एक्स-रेवरून जन्मतारीख बदलून घेतलीत, तर एक अंदाज पुसून तुम्ही दुसरा अंदाज लिहाल, आणि या दुसऱ्यावर सरकारी शिक्का असल्यामुळे तो खरा वाटू लागेल.

प्रशिक्षकांच्या सूचनेबद्दल मला फार लिहायचे नाही. २०११ चा दाखला हे खोटे काम आहे. ते या निवडीत उपयोगी पडणार नाही, कारण हाडे कागद वाचत नाहीत. मंडळाने २०२० मध्ये वयचोरीसाठी दोन वर्षांची बंदी जाहीर केलेली आहे, आणि आज गाव जे खोटेच बोलत आहे ते तुम्ही स्वतःच्या हाताने खरे कराल. प्रशिक्षकांना नम्रपणे पण स्पष्ट नकार द्या आणि तो भाच्यासमोर द्या.

आता १ जूनकडे वळू. आपल्याकडे एका पिढीचे वाढदिवस या तारखेला येतात. माझ्या वडिलांचाही कागदोपत्री वाढदिवस तोच. जूनमध्ये शाळा सुरू होते, त्या दिवशी मूल सहा वर्षांचे भरावे म्हणून गुरुजी तारीख मागे मोजत आणि लिहून टाकत. त्यात कोणाचा कपटी हेतू नसे. तुमच्या भाच्याच्या बाबतीत मात्र ही तारीख नक्की चुकीची आहे, आणि तुमच्याच पत्रात त्याचा पुरावा आहे. मूल कोपीत जन्मले, म्हणजे कारखान्यात उसाचा गाळप हंगाम चालू होता. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. जूनमध्ये तुमची बहीण कोपीत असणे शक्यच नव्हते. म्हणजे मुलगा एक तर २००९-१० च्या हंगामात जन्मला आणि दाखल्यापेक्षा काही महिन्यांनी मोठा आहे, किंवा २०१०-११ च्या हंगामात जन्मला आणि काही महिन्यांनी लहान आहे. अशा दोनच शक्यता उरतात, आणि कोणत्याही एक्स-रेने पल्ला इतका जवळ आणला नसता.

या दोनांतून एक निवडायला तुमच्या बहिणीची आठवण लागेल. अशिक्षित माणसाला तारखा सांगता येत नसल्या तरी प्रसंग पक्के आठवतात. १५ जानेवारी २०१० रोजी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सूर्यग्रहण होते. त्याआधी २२ जुलै २००९ रोजी, ऐन पावसाळ्यात, आणखी एक सूर्यग्रहण होते. आपल्याकडे गरोदर बाईला ग्रहण पाळायला लावतात. ग्रहणाचा बाळावर काही परिणाम होत नाही, पण दिवसभर काही न चिरता, न शिवता बसवून ठेवलेल्या बाईच्या आठवणीत तो दिवस कायमचा राहतो. बहिणीला विचारा की संक्रांतीच्या त्या ग्रहणाला बाळ पोटात होते, मांडीवर होते की त्याचा पत्ताच नव्हता. मेहुण्यांना विचारा की २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर भारताने विश्वचषक जिंकला तेव्हा पोरगा चालत होता की अंगावर पीत होता. तुम्ही लिहिले आहे की मोठी भाची मार्च २००८ मध्ये सरकारी दवाखान्यात जन्मली आणि तिची नोंद आहे. भावाच्या जन्माच्या वेळी ती ‘नुकती दोन-दोन शब्द बोलू लागली होती’ असे बहीण सांगते. मुले साधारण दीड ते दोन वर्षांची असताना असे बोलू लागतात. यावरून मला २००९-१० चा हिवाळा जास्त संभवनीय वाटतो.

एक साधन सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडे उचलीचा (आगाऊ दिलेल्या रकमेचा) आणि खाड्यांचा हिशेब असतो. कोयत्यातली, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यातली, बाई बाळंतपणामुळे फडात (उसाच्या शेतात) उतरली नाही, तर ते दिवस खाडे म्हणून लिहिले जातात आणि त्यांचे पैसे कापले जातात. ही कापणी अन्यायाची आहे आणि त्याबद्दल मला चीड आहे. पण त्या मुकादमाची जुनी वही शिल्लक असेल, तर त्या खाड्यांच्या तारखा बाळाच्या जन्माच्या सर्वांत जवळच्या लेखी खुणा ठरतील. त्याबरोबर गावच्या उपकेंद्रातील आरोग्यसेविकेच्या लसीकरणाच्या नोंदी आणि अंगणवाडीतील वजनाची नोंदवही पाहा.

यातून महिना निश्चित झाला, तर उशिराच्या जन्मनोंदणीचा अर्ज करता येतो. जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते. म्हणून अर्ज तुमच्या गावी न करता त्या कारखान्याच्या परिसरातील निबंधकाकडे, म्हणजे बहुधा तेथील ग्रामपंचायतीत, करावा लागेल. एक वर्षानंतरच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर हे अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहेत. ते चौकशी करतील आणि त्यांनी ती करावीच. आदेश मिळाल्यास शाळेच्या जनरल रजिस्टरमधील तारीख मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाच्या परवानगीने दुरुस्त करून घ्यावी लागेल, आणि ते दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी झाले पाहिजे, कारण शाळा सुटल्यानंतर हा बदल अतिशय कठीण होतो. आधार, शाळा आणि जन्मदाखला या तिन्हींवर वेगवेगळ्या तारखा राहू देऊ नका. महिना निश्चित झालाच नाही, तर १ जून तशीच राहू द्या. अंदाजाने लिहिलेली तारीख प्रामाणिकपणे बाळगण्यात काही गैर नाही.

या दुरुस्तीने तो सोळा वर्षांखालील गटात परत येणार नाही, हे आधीच समजून घ्या. उलट जन्म २००९-१० च्या हंगामातला ठरला, तर कागदावर तो काही महिन्यांनी मोठा होईल. मला मात्र यात दिलासा दिसतो. जानेवारी २०१० चा जन्म धरला, तर आज तो पावणेसोळा वर्षांच्या पुढे आहे. या वयात हाताची हाडे पूर्ण सांधलेली असणे अगदी सामान्य आहे. म्हणजे त्याचा एक्स-रे आणि त्याच्या आईची आठवण यांचे भांडण उरत नाही. गावातल्या कोणी विचारलेच, तर एवढे सांगून थांबा आणि अहवालाची प्रत खिशात घेऊन फिरू नका.

क्रिकेट सोडण्याचे कारण मला दिसत नाही. शालेय स्पर्धांत सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गट आहेत, आणि क्रिकेट संघटनेच्या एकोणीस वर्षांखालील गटाचा रस्ताही त्याच्यापुढे आहे. त्या गटात जन्मानंतर दोन वर्षांहून उशिरा नोंदलेल्या दाखल्यांवर मंडळाने काही मर्यादा घातलेल्या आहेत. म्हणून नवी नोंद करण्यापूर्वी तिचा काय परिणाम होईल, हे जिल्हा संघटनेकडून लेखी विचारून घ्या. भाच्याला आणखी एक गोष्ट सांगावी लागेल आणि ती डॉक्टर म्हणून मला टाळता येत नाही. हाताची वाढ पूर्ण झाली, याचा अर्थ त्याची उंची आता वाढली तरी थोडीच वाढेल. तो तेराव्या-चौदाव्या वर्षी इतरांपेक्षा उंच आणि वेगवान होता, असे तुम्ही अभिमानाने लिहिले आहे. त्यात त्याच्या मेहनतीबरोबर लवकर झालेल्या वाढीचाही वाटा होता. येत्या दोन वर्षांत बाकीची मुले उंचीने त्याला गाठतील. तेव्हा तो आपण मागे पडलो असे समजून खचू नये, म्हणून प्रशिक्षकांनी आतापासून त्याच्या वेगापेक्षा चेंडूचा टप्पा आणि अचूकता यांवर काम करून घ्यावे.

अशाच पेचात असलेल्या इतर पालकांसाठी दोन गोष्टी लिहिते. अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाडांचे वय दोन वर्षांहून अधिक पुढे आले, तर खेळाची चिंता नंतर करा आणि आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण त्या वयात त्यामागे उपचार करण्याजोगा विकार असू शकतो. मुलींची हाडे मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी सांधतात. म्हणूनच ‘एक्स-रेत अठरा आले’ असा कागद पुढे करून एखाद्या मुलीचे लग्न ठरवत असतील, तर त्या कागदावर विश्वास ठेवू नका आणि तिच्या शाळेचा दाखला मागा.

तुम्हाला एवढीच विनंती करते की दसऱ्यानंतर टोळी निघायच्या आत बहिणीला घरी बोलावून घ्या. तिला कोपीतल्या त्या रात्रीबद्दल सगळे विचारा: थंडी किती होती, सोबत कोण बाई होती, गाडी भरायची राहिली होती का, पुन्हा फडात कितव्या दिवशी उतरली. ती बोलत असताना भाचा तिच्याजवळ बसलेला असू द्या, आणि वही-पेन त्याच्याच हातात द्या.